ओले फडके आणि चांदीचा कागद

तुमच्यापैकी कोणी वाईहून पाचगणीला गेले असेल, तर पसरणीचा घाट त्याच्या परिचयाचा असेल. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल खाली धोम धरणाचे पाणी, आणि मधून वळणे घेत चढणारा रस्ता. १९९४ च्या मे महिन्यात या घाटाच्या मध्यावर आमच्या काकांची मोटार बंद पडली. माझी नववीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि मोटार माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. काकांनी बॉनेट उघडले, प्लग काढून पाहिले, पुन्हा बसवले. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली, पण इंजिन काही दाद देईना.

तेवढ्यात मागून चढत आलेला एक मालट्रक थांबला. त्यावरचा क्लीनर माझ्याच वयाचा मुलगा होता. त्याने इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोलच्या पंपाला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. "पंप तापलाय, काका. धा मिन्टं थांबा," एवढेच तो म्हणाला. मग खांद्यावरचे फडके आमच्याच पिण्याच्या पाण्यात भिजवून त्याने पंपाला गुंडाळले आणि उरलेले पाणी त्यावर थोडे थोडे शिंपडले. दहा मिनिटांनी मोटार सुरू झाली.

परीक्षेत बाष्पीभवनाच्या अप्रकट उष्म्याची व्याख्या मी बिनचूक लिहिली होती. पण त्या तापलेल्या पंपाकडे पाहताना ती माझ्या डोक्यात एकदाही आली नाही, आणि ज्याच्या हाताला हा उपाय ठाऊक होता त्याने ती व्याख्या बहुधा कधी ऐकलीही नसावी. आज वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवल्यावरही ही गोष्ट मला टोचते.

त्या फडक्याने काय केले ते आधी पाहू. जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बोल्टने आवळलेला असे. त्यातला रबरी-कापडी पडदा वरखाली होतो, मागच्या टाकीतून पेट्रोल शोषतो आणि पुढे ढकलतो. पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. पाण्यासारखा त्याला एक ठराविक उत्कलनबिंदू नाही. त्यातले हलके घटक चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. त्यात पंप शोषतो त्या बाजूला दाब कमी, आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. घाटात इंजिन जीव तोडून काम करत असते, पण मोटारीचा वेग कमी असल्याने वारा लागत नाही. पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. द्रव दाबला तर पुढे सरकतो. वाफ दाबली तर नुसती आक्रसते. पडदा इमानाने वरखाली होत राहतो आणि पुढे काहीच जात नाही.

आता थोडे गणित करा, वही घेऊनच करा. पंपाचे वजन अर्धा किलो धरू. धातू ॲल्युमिनिअमचा धरला तर त्याचा विशिष्ट उष्मा ग्रॅमला सुमारे ०.९ ज्यूल. तो सत्तर अंशांवरून चाळीसवर आणायचा तर ५०० × ०.९ × ३० म्हणजे १३,५०० ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागेल. त्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम पाणी पुरे. चहाचा एक चमचा भरून थोडे जास्त! तेवढेच पाणी वाफ न होता नुसते तीस अंशांवरून चाळीसपर्यंत तापले असते, तर त्याने जेमतेम अडीचशे ज्यूल नेले असते. पन्नासपटींहून अधिक फरक आहे. थंड पाण्याची बादली ओतण्यापेक्षा ओले फडके आणि कोरडा वारा शहाणा, तो यामुळे. इंजिनाकडून उष्णता येतच राहते, म्हणून फडके पुन्हा पुन्हा भिजवावे लागते ही गोष्ट वेगळी. मे महिन्यात वाईला हा उपाय जसा लागू पडला तसा जुलैत चिपळूणला पडेल का? माठातले पाणी पावसाळ्यात तितके गार का होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर सांगायला नको.

इथवरची गोष्ट सुखाची झाली. पण त्याच दिवसाला दुसरा अर्धा भाग आहे.

रात्री महाबळेश्वरहून उतरताना, दांडेघर मागे पडल्यावर, मोटारीचे पुढचे दिवे एकामागून एक गेले. फ्यूज उडाले होते. फ्यूजला तुमच्या पुस्तकात वितळतार म्हणतात. जवळ जादा फ्यूज नव्हते. काकांनी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला (सिगारेटचा तेवढाच उपयोग असता तर काका आणखी काही वर्षे आमच्यात असते), दोन्ही फ्यूजना गुंडाळला आणि दिवे लागले. आम्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या. दहाएक मिनिटांनी जळके प्लॅस्टिक हुंगल्यासारखे वाटले आणि पाठोपाठ स्टिअरिंगखालून धूर आला. काकांनी मोटार कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि हातानेच बॅटरीची तार उपटली. आत पाच-सहा तारांची वेष्टणे वितळून एकमेकींना चिकटली होती. पेट्रोलची नळी तिथून फार लांब नव्हती. काकांच्या उजव्या तळव्यावर भाजल्याचा एक पट्टा उठला आणि तो कायमचा राहिला. ती रात्र आम्ही घाटात काढली.

कारण दुसऱ्या दिवशी वाईच्या मिस्त्रींनी पहिल्याच नजरेत ओळखले. काकांनी त्याच आठवड्यात मोटारीचे ४५ वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे बसवले होते, रात्रीच्या घाटासाठी. बारा व्होल्टवर ४५ वॅटच्या दोन बल्बना मिळून साडेसात अँपिअर विद्युतधारा लागते, १०० वॅटच्या दोन बल्बना जवळजवळ पावणेसतरा. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे ज्यूलचे म्हणणे तुम्ही पाठ केलेले आहे. धारा सव्वादोनपट झाली म्हणजे उष्णता सुमारे पाचपट झाली. बॅटरीपासून स्विचमार्गे दिव्यांपर्यंतच्या वाटेचा रोध ०.१ ओहम धरा. आधी त्या वाटेत साडेपाच वॅट उष्णता होत होती, ती आता अठ्ठावीस वॅट झाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची डाग देण्याची छोटी इस्त्री पंचवीस वॅटची असते. तशी एक इस्त्री काकांनी नकळत स्टिअरिंगखाली चालू ठेवली होती म्हणायची!

एकेका दिव्याला आठ अँपिअरचा फ्यूज होता आणि नवा बल्ब एकटाच आठच्या वर जात होता. म्हणून फ्यूज उडाले. म्हणजे त्यांनी आपले काम चोख केले होते. चांदीचा कागद दिसायला पातळ खरा, पण गुंडाळला की त्याचा एकूण छेद तारेच्या छेदाच्या जवळपास जातो. मग सबंध वाटेत सगळ्यांत कमकुवत जागा कोणती? फ्यूज नव्हे; स्विच आणि त्याच्या तारा. घरातल्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालून "आता उडतच नाही" म्हणून समाधान मानणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांनी फ्यूज दुरुस्त केलेला नसतो. फ्यूजची जबाबदारी भिंतीतल्या तारांवर ढकललेली असते.

या दोन उपायांकडे पाहा. दोन्ही एकाच मोटारीतले, एकाच दिवशीचे, दोन्ही हाताशी असलेल्या वस्तूंतून केलेले, आणि दोन्ही त्या क्षणी "चालले". बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच चतुर वाटतील. हल्ली मोबाइलवर अशा करामतींच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात आणि वाहवा करतात. आपल्याकडे दुसराही एक वर्ग आहे. तो असल्या सर्व खटपटींना नाक मुरडतो आणि कंपनीचा अस्सल सुटा भाग नसेल तर हात लावू नये म्हणतो. मला दोघांचेही पटत नाही. भाग अस्सल आहे की भंगारातला, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा, की या जागेवरचा भाग कोणते काम करतो आणि तो निकामी झाला तर काय होईल? फडके वाळले तर मोटार पुन्हा बंद पडेल. आपण रस्त्याच्या कडेला उन्हात बसू, बस. चांदीच्या कागदाचे तसे नाही. तो निकामी होतच नाही, आणि तोच त्याचा दोष आहे, कारण फ्यूज हा वेळेवर मरण्यासाठीच बसवलेला असतो.

रबर आणि पेट्रोलची गोष्टही अशीच. पाण्याची रबरी नळी फुटली तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि खुशाल गाव गाठा. पेट्रोलच्या नळीला मात्र ती पट्टी चालणार नाही. नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते. गवंड्यांच्या लेव्हलची पारदर्शक नळीही पेट्रोलला जोडलेली मी पाहिली आहे. ती काही दिवसांतच ताठ होऊन तडकते, आणि खाली इंजिन तापलेले असते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ज्या मोटारी या मिश्रणासाठी बनल्याच नव्हत्या, त्यांच्यातल्या जुन्या रबरी भागांकडे अधिकच लक्ष ठेवायला हवे. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा उपाय तुमच्या आजोबांना विचारा. हळदीतले पिष्ट गरम पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. फक्त ते फुगलेले पिष्ट भोक कोणते आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती हे ओळखत नाही, म्हणून गावी पोचताच रेडिएटर धुऊन काढावा.

मोटारीच्या जन्मापासून हा प्रकार चालत आला आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा पल्ला, आणि इतक्या लांब तोवर कोणी मोटार नेलेलीच नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टण झिजले, तिथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले, ते विस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून घेतले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ते चामडे म्हणजे ब्रेकचे पहिले अस्तर असे म्हणतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग आम्हीही ब्रेकला काही करून पाहू का? नाही. बाईंची मोटार ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने धावत होती. आजची मोटार ऐंशीने धावते. वेग पाचपट म्हणजे प्रत्येक किलोमागे गतिज ऊर्जा पंचवीसपट, आणि ती सारी ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. घाटात तर आणखी भर पडते. पाचगणी वाईहून जवळपास सहाशे मीटर उंच आहे. हजार किलोची मोटार तिथून उतरताना ५९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते. चालकाने खालचा गिअर न टाकता सारा भार ब्रेकवर घेतला, तर सव्वादोन लिटर गार पाण्याची संपूर्ण वाफ करण्याइतकी ही उष्णता आहे. ब्रेकच्या नळ्यांत म्हणूनच एक खास द्रव असतो. नेहमीच्या प्रकारचा ताजा द्रव दोनशे पाच अंशांच्या खाली उकळता कामा नये, असे त्याचे मानक आहे. अडीअडचणीला त्या जागी साबणाचे पाणी किंवा इंजिनचे तेल घालणारे महाभाग आहेत. तेलाने ब्रेकची रबरी वायसरे फुगतात. आणि पाणी? ते शंभराला उकळते. नळीत वाफ होते. पायाखालची ब्रेकची पट्टी दाबावी तर ती वाफ नुसती आक्रसते आणि पट्टी तळाला जाऊन टेकते.

सकाळी पंपात झालेली गोष्ट ती हीच. पेट्रोलच्या नळीत वाफ झाली तर मोटार चालत नाही. ब्रेकच्या नळीत वाफ झाली तर मोटार थांबत नाही. पदार्थविज्ञान एकच, आणि परिणाम असे दोन टोकांचे. त्यामुळे ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तीन ठिकाणी माझ्यापुरती मी कसलीही तडजोड मान्य करत नाही. कायद्याचेही बंधन आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. पण कायदा नसता तरी वरची वाक्ये खोटी ठरली नसती.

वाईच्या मिस्त्रींनी पुढे काय केले ते सांगायचे राहिले. त्यांनी भंगारातल्या एका ट्रकचा हॉर्नचा रिले आणला. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. त्याच्या वेटोळ्याला पाव अँपिअरहूनही कमी धारा पुरते. स्टिअरिंगखालच्या नाजूक स्विचने तेवढीच वाहायची. दिव्यांची मोठी धारा बॅटरीतून जाड तारेने, स्वतंत्र फ्यूजमधून, रिलेमार्गे थेट दिव्यांकडे. रिले बसवायची पट्टी बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची होती. १०० वॅटचे बल्ब त्यांनी काढून टाकले, समोरच्याचे डोळे दिपवून अपघात होतात म्हणून, आणि साठ वॅटचे बसवले. काका हिरमुसले होते. रात्री दिवे लावल्यावर मात्र रस्ता आदल्या रात्रीइतकाच स्वच्छ दिसला! पावणेसतरा अँपिअर धारा त्या जुन्या वाटेने जाताना पावणेदोन व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्ची पडत होते. तारेच्या बल्बचा प्रकाश विभवांतराच्या सुमारे तिसऱ्या-साडेतिसऱ्या घाताने बदलतो. बाराऐवजी सव्वादहा व्होल्ट मिळाले की प्रकाश साठ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे १०० वॅटचे बल्ब विकत घेऊन काकांना उजेड साठचाच मिळत होता, बाकीचा पैसा तारा तापवण्यात जात होता. मिस्त्रींनी घातांक शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "दिव्याला करंट पोचायला पायजे, साहेब, नुसता दिवा मोठा करून काय?"

माझा आग्रह शिक्षकांकडे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ओहमचा नियम आपण लाकडी पाटीवर ठोकलेल्या रोधाने पडताळतो, आणि मुले पहिल्या दिवसापासून उत्तर जाणून असतात. त्याशेजारी भंगारातला एक फ्यूजचा डबा, एक हेडलाइट, एक उघडलेला पेट्रोलपंप का नसावा? कोरडा आणि स्वच्छ केलेला, अर्थातच. पेट्रोलशी खेळ नको. एखाद्या शनिवारी गावातल्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना वर्गात बोलवावे, खुर्ची द्यावी आणि विचारावे, की हे तुम्ही असे का करता? निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या हातांत असतील, निम्म्यांची आपल्या पुस्तकात. दोन्ही एका फळ्यावर आली, तर त्या ट्रकवरच्या मुलाला आणि माझ्यासारख्या गुण मिळवणाऱ्याला एकमेकांची उणीव राहिली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी सोपा प्रयोग आहे. घरात ट्रॅक्टर किंवा जुनी मोटार असेल, तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, इंजिन बंद ठेवून आणि दिवा लावून, व्होल्टमीटरने दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या दोन टोकांवर आणि बल्बच्या दोन टोकांवर. दोन आकड्यांतला फरक वाटेत हरवला आहे. तो कुठे हरवला, ते तारेच्या एकेका तुकड्यावर मीटर लावून शोधता येते.

गेल्या वर्षी आमच्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने घरच्या ट्रॅक्टरवर हे केले. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर ९.६ व्होल्ट. उजेड कमी म्हणून वडिलांनी तालुक्याहून जास्त वॅटचा बल्ब आणून ठेवला होता. हरवलेल्या व्होल्टपैकी बराचसा भाग त्याला दिव्याची तार पत्र्याला जोडते त्या गंजलेल्या बोल्टवर सापडला. त्याने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला आणि पुन्हा आवळला. बल्बवर ११.५ व्होल्ट आले. नवा बल्ब दुकानदाराने परत घेतला नाही. तो आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, खोक्यासकट, तसाच आहे.